राळेत गोठलेली वीण

बेंगळुरूत रिक्षावाल्याला ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’ सांगितलं तर जुन्यांपैकी एखादा क्षणभर विचारात पडतो. ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हटलं की गाडी लगेच सुरू होते. मीटर सुरू होतं की नाही, हा वेगळा विषय. १९७०च्या सुमारास या संस्थेत मद्रासहून एक शास्त्रज्ञ आले, जी. एन. रामचंद्रन. तरुणपणी ते इथेच सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी होते. मद्रास विद्यापीठात असताना त्यांनी आपल्या कातडीतल्या आणि स्नायुबंधांतल्या कोलॅजेनची तीन पदरी पिळाची रचना उलगडून दाखवली होती. प्रथिनांच्या अभ्यासात आजही रोज वापरला जाणारा ‘रामचंद्रन आलेख’ १९६३चा. जीवशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचं नाव येतं ते या दोन कामांमुळे. इथे मात्र त्यांचं तिसरं काम महत्त्वाचं आहे, कारण विमानाच्या पंखातलं कापड आत कसं वळलंय हे पाहायचं असेल तर गाठ त्याच्याशीच पडते.

सप्टेंबर १९७१मध्ये रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचा एक छोटा निबंध अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात छापून आला. एखाद्या वस्तूच्या अनेक बाजूंनी घेतलेल्या क्ष-किरण सावल्यांवरून तिचं आतलं चित्र परत कसं उभं करायचं, हा त्याचा विषय. हे शक्य आहे असं ऑस्ट्रियाचा गणिती योहान राडॉन १९१७मध्येच सांगून गेला होता. अडचण आकडेमोडीची होती. प्रत्येक सावली ज्या दिशेने आली त्याच दिशेने चित्रात मागे पसरवली आणि सगळ्यांची बेरीज केली, तर आकृती दिसते. पण धुकटलेली, कडा विरघळलेली. त्या काळी यावर उपाय होता फूरिये रूपांतराचा, आणि त्या वेळच्या संगणकांना तो पेलणं जड होतं.

रामचंद्रन–लक्ष्मीनारायणन यांची युक्ती अशी की सावली मागे पसरवण्याआधीच दुरुस्त करून घ्यायची. सावलीतल्या प्रत्येक ठिपक्याची नवी किंमत काढताना त्या ठिपक्याला १/४ चं वजन द्यायचं. शेजारचा पहिला, तिसरा, पाचवा असे विषम अंतरावरचे ठिपके उणे चिन्हाने मोजायचे. त्यांचं वजन म्हणजे १ भागिले पायवर्ग गुणिले अंतराचा वर्ग. दुसरा, चौथा, सहावा यांचं वजन सरळ शून्य. बस, एवढंच. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार. ती उणी वजनं धुकं आधीच कापून टाकतात आणि मग पसरवलेल्या सावल्यांची बेरीज रेखीव येते. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७मध्ये हाच मार्ग स्वतंत्रपणे शोधला होता, तेव्हा श्रेय वाटून द्यायला हवं. तरी सीटी स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये या गाळणीला आजही ‘राम-लॅक’ म्हणतात. निबंध छापून आल्यावर महिनाभरातच, १ ऑक्टोबर १९७१ला, गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनच्या एका इस्पितळात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं स्कॅन घेतलं. त्या पहिल्या यंत्राची आकडेमोड वेगळ्या, संथ पद्धतीची होती. पुढच्या यंत्रांनी गाळणीचा रस्ता धरला.

आता परत बेंगळुरूत येऊ आणि शहराच्या पूर्वेला, जुन्या विमानतळ रस्त्याकडे वळू. कोडिहळ्ळीत नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, म्हणजे एनएएल, आहे. जवळच हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा धावपट्टीसकट सगळा पसारा. ४ जानेवारी २००१ला ‘तेजस’ पहिल्यांदा उडालं ते याच धावपट्टीवरून. त्या विमानाच्या सांगाड्याचं वजन केलं तर जवळपास ४५ टक्के कार्बन कंपोझिटचं भरतं. शेपटीचा उभा पंख आणि त्याचं सुकाणू एनएएलने बनवलं. एनएएलच्याच ‘सारस’ विमानाच्या पंखासाठी तिथे एक वेगळी रीत बसवली गेली: कोरडं कार्बनचं कापड साच्यात अंथरायचं, वरून हवाबंद पिशवी चढवायची, आतली हवा ओढून काढायची आणि त्या ओढीने पातळ राळ कापडात भरू द्यायची.

राळ म्हणजे इथे इपॉक्सी. ती कापडात मुरून कडक झाली की कापड आणि राळ मिळून एक ताठ, हलका पत्रा तयार होतो. जोर झेलायचा तो धाग्याने. राळेचं काम धाग्याला जागेवर धरून ठेवायचं आणि एकाचा भार दुसऱ्याकडे पोचवायचं. मोठ्या, सपाट भागांत बहुधा विणकाम नसतंच, एकाच दिशेच्या तंतूंच्या पट्ट्या थरावर थर लावतात. वळणं, कोपरे, भोकांच्या कडा आल्या की विणलेलं कापड कामी येतं, कारण ते साच्यावर नीट बसतं आणि फटका बसला तर भेग सहज लांबवर पळत नाही.

इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या माणसाला हे कापड पाहून फार नवल वाटणार नाही. ताणा आहे, बाणा आहे. साधी वीण आहे, ट्विल आहे, सॅटिन आहे. फरक धाग्यात आहे. एका धाग्यात ३,००० सुटे तंतू असतात (६,००० आणि १२,००० तंतूंचे धागेही मिळतात) आणि एकेक तंतू ५ ते ७ मायक्रॉनचा. माणसाचा केस याच्या दसपट जाड. या धाग्याला पीळ जवळजवळ नसतो, त्यामुळे मागावर तो गोल न राहता पट्टीसारखा चपटा होतो. शिवाय ओढला तर पोलादाला भारी, पण तीक्ष्ण वाकवला की कडकन तुटतो. तुटलेल्या तंतूंचा भुगा हवेत उडतो, आणि कार्बन विजेचा वाहक असल्यामुळे तो मागाच्या मोटारीत शिरला तर शॉर्ट सर्किट ठरलेलं. म्हणून कार्बन विणायचे माग चारी बाजूंनी बंद ठेवावे लागतात.

असं कापड किती भार घेईल हे कागदावर काढायचं कसं? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ताकाशी इशिकावा आणि त्सू-वेई चौ यांनी पहिली चांगली गणितं मांडली. सुरुवातीच्या मांडणीत कापड म्हणजे बुद्धिबळाचा पट होता, धाग्याची लहर धरलेलीच नव्हती. पुढच्या मांडणीत लहर आली, पण एकाच दिशेची. १९९२च्या आसपास पवईच्या आयआयटीत एन. के. नाईक आणि त्यांचे सहकारी पी. एस. शेंबेकर, व्ही. के. गणेश यांनी ताणा आणि बाणा दोन्हींची लहर, धाग्याच्या छेदाचा भिंगासारखा आकार आणि दोन धाग्यांमधली फट हे सगळं एकाच गणितात आणलं. विणलेल्या कंपोझिटवर लिहिणारे जगभरचे लोक आजही त्यांचा दाखला देतात. मुंबईच्या गिरण्या बंद पडत होत्या त्याच वर्षांत त्याच शहरात विणीचं हे गणित लिहिलं जात होतं, याची नोंद गिरणगावच्या इतिहासात कुणी घेतल्याचं मला आढळलं नाही.

लहरीला एवढं महत्त्व का, ते आकड्यांतच पाहू. समजा कापड ०.२ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे एक धागा ०.१ मिलिमीटर जाड. धागा २ मिलिमीटर रुंद. साध्या विणीत धागा एकदा वरून, एकदा खालून जातो, तेव्हा त्याची एक पूर्ण लहर ४ मिलिमीटरची. हिशेब केला तर सर्वांत चढावाच्या जागी तो आडव्या रेषेपासून साधारण साडेचार अंश कललेला निघतो. आता मागावर ताण थोडा जास्त पडला आणि धागा दीडच मिलिमीटर रुंद राहिला, तर लहर ३ मिलिमीटरची होते आणि कल ६ अंशांचा. दीड अंशाने काय बिघडतं? ओढताना फार नाही. दाबताना मात्र बरंच. दाबाखाली तंतू जिथे आधीच कललेला असतो तिथे तो आणखी आडवा पडतो, शेजारच्यांना घेऊन पडतो, आणि पत्र्यात एक अरुंद मोडपट्टी तयार होते. १९७२मध्ये ए. एस. आर्गॉन यांनी याचा एक ढोबळ नियम सांगितला: दाबाची ताकद म्हणजे राळेची कातरताकद भागिले कलाचा कोन. नियम एकाच दिशेच्या तंतूंसाठी आहे, विणीला तो जसाच्या तसा लागू करू नये. पण कल कुठे घेऊन जातो हे त्यातून कळतं. साडेचारचे सहा अंश झाले की ताकदीचा पाव भाग गेला. अर्ध्या मिलिमीटरची चूक, तीही एकाच धाग्याच्या रुंदीत.

आणि प्रत्यक्षात धागा एकच नसतो. थर अंथरताना कापड तिरकं ओढलं जातं. पिशवीचा दाब पडला की वरच्या थराचे उंचवटे खालच्या थराच्या खळग्यांत जाऊन बसतात, एकात एक वाट्या बसाव्यात तसे. पण सगळीकडे सारखे बसत नाहीत. एका जागी वाटी वाटीत, हातभर पुढे वाटीवर वाटी. पत्र्याची जाडी त्यामुळे कुठे कमी, कुठे जास्त, आणि धाग्यांच्या मधल्या राळेच्या पोकळ्या कुठे लहान तर कुठे सलग नळीसारख्या. सारसच्या पंखासारख्या कामात राळ याच नळ्यांतून वाहते, तेव्हा हा फरक ताकदीबरोबर भरणीवरही परिणाम करतो. कागदावरची वीण नेहमीच खऱ्या विणीपेक्षा गुणी निघते, आणि पत्रा तुटतो तो बहुधा जिथे तिचा हा गुण संपतो तिथे.

पूर्वी आत पाहायचं तर पत्रा कापायचा, कड घासून आरशासारखी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. धाग्यांचे छेद सुंदर दिसतात, तंतू एकेक मोजता येतो. पण हा एकच काप. धागा त्याच्या पुढे कुठे वळला ते कळत नाही, आणि कापलेला तुकडा तुटेपर्यंत दाबून पाहायची सोयही गेली. विमानाच्या पूर्ण भागाची तपासणी होते ती अल्ट्रासाउंडने. पाण्याच्या धारेतून ध्वनिलहरी पाठवल्या की थर सुटलाय का, आत हवेचे बुडबुडे राहिलेत का, हे नकाशावर उमटतं. कारखान्यात ते पुरतं. धागा किती अंश कलला हे मात्र त्यात दिसत नाही.

इथे मायक्रो-सीटी येते. इस्पितळात रुग्ण निजलेला असतो आणि यंत्र त्याच्याभोवती फिरतं. प्रयोगशाळेतल्या यंत्रात क्ष-किरणांची नळी आणि कॅमेरा जागच्या जागी असतात, आणि मध्ये चिमटीत धरलेला कंपोझिटचा तुकडा हळूहळू एक फेरी पुरी करतो. त्या फेरीत दोन-तीन हजार सावल्या टिपल्या जातात. नळीतून किरण शंकूच्या आकारात फाकतात, आणि अशा सावल्यांसाठीचं सूत्र १९८४मध्ये फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या तिघांनी दिलं. हे तिघे फोर्ड मोटार कंपनीचे संशोधक. सूत्राच्या पोटात गाळणी तीच, सावली पसरवण्याआधी दुरुस्त करणारी.

पहिली अडचण लगेच समोर येते. कॅमेऱ्यावर एका ओळीत २,००० ठिपके असले आणि प्रत्येक घनठिपका, म्हणजे व्हॉक्सेल, ५ मायक्रॉनचा हवा असला, तर १० मिलिमीटर रुंदीचाच तुकडा बसतो. २ मिलिमीटरच्या धाग्याच्या साध्या विणीचा एक पूर्ण नमुना ४ मिलिमीटरचा, म्हणजे तो आरामात मावतो. आठ धाग्यांवर फिरणाऱ्या सॅटिन विणीचा नमुना १६ मिलिमीटरचा. तो मावत नाही. तंतू स्पष्ट दिसावेत म्हणून व्हॉक्सेल १ मायक्रॉनवर आणला तर नजरेत उरतात २ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एका धाग्याची रुंदी. तंतू पाहायचा की वीण, हे आधी ठरवावं लागतं. आणि इतकं करून हाती येतात ८ अब्ज करडे ठिपके, सुमारे १६ गिगाबाइट.

दुसरी अडचण करड्या रंगाचीच. क्ष-किरण अडतात ते जड मूलद्रव्यांमुळे. काचेच्या तंतूत सिलिकॉन असतं, घनताही अडीचच्या आसपास, म्हणून काच राळेत उठून दिसते. कार्बनचा तंतू मात्र कार्बन, आणि राळही मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. घनता एकाची १.८, दुसरीची १.२. फरक एवढाच, बाकी करड्यात करडं. काही जण कापडात मध्ये मध्ये काचेचा एखादा धागा विणून घेतात, चित्रात खूण म्हणून. सिंक्रोट्रॉन या मोठ्या कणवेगक यंत्राच्या क्ष-किरणांनी पाहिलं तर चित्र सुधारतं, कारण तिथे किरण किती अडले याबरोबरच ते कडेवर किती वळले हेही टिपता येतं. भारतात इंदूरच्या इंडस-२ या यंत्रावर अशा प्रतिमांसाठी एक स्वतंत्र वाट आहे.

तिसरी अडचण मला सगळ्यांत रंजक वाटते. यंत्राला धागा म्हणजे काय हे माहीतच नसतं. त्याच्याकडे ठिपके आहेत, प्रत्येकाला करडेपणाचा एक आकडा आहे. कुठले ठिपके ताण्याचे, कुठले बाण्याचे, कुठले राळेचे, हे कुणीतरी सांगायला हवं. नुसत्या करडेपणावरून सांगता येत नाही, कारण ताणा आणि बाणा एकाच मालाचे.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात विणीची संगणकीय चित्रं काढायचं काम फार आधीपासून चालतं. ‘वाइजटेक्स’ हे सॉफ्टवेअर तिथलं. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमचं ‘टेक्सजेन’ त्याचं समकालीन, आणि ते फुकट मिळतं. ल्यूव्हेनच्याच स्ट्राउमित, लोमोव आणि वेव्हर्स यांनी २०१५मध्ये करड्यातून धागा ओळखायची एक रीत मांडली. तंतू सुटा दिसत नसला तरी धाग्यात तंतूंच्या रेघा अस्पष्ट उमटलेल्या असतात. त्या रेघांच्या दिशेने पुढे गेलं तर करडेपणा फारसा बदलत नाही. आडवं गेलं तर तो झरझर बदलतो. म्हणून प्रत्येक ठिपक्याभोवतीची छोटी चौकट घ्यायची, त्यात करडेपणा कुठल्या दिशेला किती बदलतो याचं तीन बाय तीनचं कोष्टक मांडायचं, आणि ज्या दिशेला बदल सर्वांत कमी ती तंतूची दिशा धरायची. कोष्टकातून ती दिशा काढणं म्हणजे बीएस्सीच्या वर्गातलं आयगेनव्हॅल्यूचं गणित. जिथे तिन्ही दिशांना बदल सारखाच, तिथे रेघा नाहीत, ती राळ. पूर्वेकडे धावणारा ताणा, उत्तरेकडे धावणारा बाणा. आणि पूर्वेकडे धावताना जो चार-पाच अंश वर चढतो, तो कल आपोआप आकड्यात मिळतो. आर्गॉनच्या नियमाला हवा होता तो हाच.

तरीही गोंधळ उरतो. शेजारचे दोन ताणे दाबाखाली एकमेकांना चिकटतात तेव्हा दोघांची दिशा एक, रंग एक, सीमा कुठे? दिशेचं गणित इथे गप्प बसतं. गेल्या काही वर्षांत अशा जागी न्यूरल नेटवर्क वापरतात. त्यांतलं ‘यू-नेट’ २०१५मध्ये जर्मनीच्या फ्रायबर्गमध्ये पेशींच्या चित्रांसाठी तयार झालं. त्याला शिकवायला आधी कुणीतरी माणसाने शेकडो कापांवर धाग्यांच्या कडा हाताने गिरवून द्याव्या लागतात. हे काम रटाळ आहे, आणि दोन माणसांना दिलं तर चिकटलेल्या जागी दोघांच्या कडा जुळत नाहीत.

मग चूक पकडायची कशी? एक जुना, साधा हिशेब फार कामाचा आहे. कापडाचं वजन चौरस मीटरला २०० ग्रॅम, थर दहा. म्हणजे तंतू २,००० ग्रॅम. तंतूची घनता १.७८ धरली तर मध्ये जराही फट नाही असं मानून नुसत्या तंतूंचा १.१२ मिलिमीटरचा थर होईल. पत्रा २.१ मिलिमीटर जाड भरला, म्हणजे त्यात ५३ टक्के तंतू. आता स्कॅनवरून केलेल्या प्रतिकृतीत धाग्यांनी ८० टक्के जागा व्यापली असेल, तर धाग्याच्या आत ६७ टक्के तंतू, पटतं. प्रतिकृती म्हणत असेल की धाग्यांनी ६० टक्केच जागा घेतली, तर धाग्याच्या आत ८९ टक्के तंतू कोंबावे लागतील. गोल काड्या कितीही नेटाने रचल्या तरी ९०.७ टक्क्यांच्या पुढे जाताच येत नाही, आणि त्याच्या आसपासही खरा धागा कधी पोचत नाही. म्हणजे कडा चुकीच्या गिरवल्यात, परत बसा. दुकानातला वजनकाटा इथे १६ गिगाबाइटच्या चित्राला खोटं ठरवतो.

ठिपक्यांची प्रतिकृती ताकदीच्या गणिताला द्यायची म्हणजे तिचे लहान लहान घटक पाडायचे. व्हॉक्सेलच घटक धरले तर काम सोपं, पण धाग्याची गुळगुळीत कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते, आणि प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यावर ताण उगाच शिखरासारखा चढतो. तुटणार कुठे, हा प्रश्न असताना अशी खोटी शिखरं त्रासाची. कडा गुळगुळीत करून चौफलकी घटक पाडावेत तर दोन धाग्यांच्या मधली राळेची पातळ फट नीट भरता येत नाही; धागे एकमेकांत घुसतात. या धंद्यातल्या लोकांचा बराच दिवस या फटीत जातो.

हे सगळं नुसतं प्रयोगशाळेपुरतं नाही. अकासाच्या विमानात चढताना पंखाखालच्या इंजिनाकडे पाहा. आत दिसणारी १८ काळी पाती कार्बनची आहेत, आणि ती थरांची नाहीत. ताणा आणि बाण्याबरोबर तिसऱ्या, जाडीच्या दिशेनेही धागे गुंफून पूर्ण पातं एकसंध विणलेलं आहे, मग साच्यात घालून त्यात राळ भरलेली. अशा विणीत थर सुटायचा प्रश्नच येत नाही. पण धागा आत कुठून कुठे गेला हे बाहेरून पाहून सांगणंही अशक्य, त्यामुळे क्ष-किरणांनी आत पाहणं इथे आणखी गरजेचं होतं.

प्रतिकृती खरी की खोटी, याची कसोटी अशी. ज्या तुकड्याचं स्कॅन घेतलं, तोच तुकडा दाबयंत्रात धरायचा, भेग कुठे सुरू होईल हे आधी लिहून ठेवायचं, आणि अर्ध्या वाटेवर यंत्र थांबवून पुन्हा स्कॅन घ्यायचं. केसाहून बारीक भेगा दिसाव्यात म्हणून त्यांत झिंक आयोडाइडचं द्रावण मुरवतात. आयोडीन जड असल्यामुळे भेग पांढरी उमटते. ताठरपणाचं भाकीत अशा प्रतिकृती चांगलं करतात, कारण ताठरपणा ही सगळ्या धाग्यांची सरासरी. भेग पहिल्यांदा कुठे पडेल, यावर अजून चुकतात. ती एखाद्याच जागी पडते, आणि ती जागा कधी कधी एका व्हॉक्सेलपेक्षा लहान असते.